रोज नवा विषय कशाला?

पत्र : सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कॉलेजात असताना लिहिण्याची आवड होती. लग्न, बदल्या आणि मुले यांत ती मागे पडली. मागच्या पावसाळ्यापासून मोबाइलवर रोज सकाळी लेखनासाठी एक प्रॉम्प्ट, म्हणजे लिहायला सुचवलेला विषय, येतो आणि त्यावर मी रात्री वहीत लिहिते. कधी ‘मैत्री’, कधी ‘पाऊस’, कधी ‘समुद्रकिनारी सापडलेली बाटली’. सुरुवातीला फार उत्साह होता. आता दोन वह्या भरल्या आहेत, पण त्यांत एकही कथा पूर्ण नाही आणि जे पूर्ण आहे ते वाचताना मुलांचे निबंध तपासत असल्यासारखे वाटते. एखादा दिवस चुकला की अपराधी वाटते आणि मग आठ-आठ दिवस वहीच उघडत नाही. त्याच वहीत मी रोजनिशीही लिहिते, परंतु घरातले कुणी वाचेल या धास्तीने खरे ते उतरतच नाही. एकदा ‘न पाठवलेले पत्र’ असा विषय आला. मी वारलेल्या वडिलांना पत्र लिहायला बसले आणि त्यानंतर तीन आठवडे पेन हातात धरवले नाही. अशा रोजच्या प्रॉम्प्टवर लिहिणे माझ्यासाठी नाहीच का? आणि गावातल्या खऱ्या माणसांवर कथा लिहिलेली चालते का? — एक शिक्षिका, बीड जिल्हा

ताई, नमस्कार.

तुमच्या वह्यांत निबंध का साठले, याचे कारण तुमच्या वर्गातच आहे. आपल्याकडे लेखन शिकवले जाते ते बहुतेक निबंधाच्या वाटेने : ‘माझा आवडता ऋतू’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘शेतकऱ्याचे मनोगत’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’. चौथीपासून दहावीपर्यंत हेच केल्यामुळे एका शब्दाचा विषय समोर आला की आपला हात न सांगता त्या साच्याकडे वळतो. आधी प्रस्तावना येते, मग थोडे वर्णन, मग फायदे-तोटे आणि शेवटी एखादी कवितेची ओळ किंवा सुविचार. तुम्ही तर हा साचा वर्षानुवर्षे शिकवता आणि त्याला गुण देता, तेव्हा तो तुमच्या लेखणीतून इतरांपेक्षा लवकर बाहेर पडणार हे उघड आहे. ‘मैत्री’ हा शब्द तुम्हाला काही करायला लावत नाही, तो केवळ मत विचारतो. मत विचारले की माणूस विधाने करू लागतो आणि विधानांची कथा होत नाही. म्हणजे दोष तुमच्या कुवतीचा नसून मोबाइलवर येणाऱ्या त्या मथळ्यांचा आहे, आणि तो तुम्हाला घरच्या घरी दुरुस्त करता येतो.

कथेसाठी जो प्रॉम्प्ट घ्यायचा, त्यात एक माणूस हवा, एक नेमकी वेळ हवी, त्या माणसाला त्या वेळी काहीतरी हवे असले पाहिजे आणि ते मिळण्याच्या आड काहीतरी आले पाहिजे. ‘पाऊस’ हा विषय आला, तर तो जसाच्या तसा न घेता लिहायला बसण्यापूर्वी पाच मिनिटे त्याला असे वळण द्या : जूनचा शेवटचा आठवडा आहे, सोयाबीन पेरून दहा दिवस झाले आणि पावसाने ताण दिला आहे. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणण्यासाठी नवरा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात निघाला आहे. मागची उधारी फेडायला म्हणून त्याने बायकोकडे दिलेले पैसे तिने दुकानात भरलेच नाहीत, आजारी भावाला दिले. हे त्याला ठाऊक नाही आणि तो आता पायात चप्पल घालतो आहे. इथे पावसावर एकही वाक्य लिहावे लागत नाही, तरी प्रत्येक वाक्यात पाऊस आहे. त्या बाईने पुढच्या दोन मिनिटांत काय करावे, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर निबंधात देता येत नाही.

समुद्रकिनाऱ्याच्या बाटलीचेही तसेच. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर लिहूच नये असे माझे म्हणणे नाही, परंतु न पाहिलेल्या समुद्रावर लिहिताना आपण सिनेमातल्या लाटा आणि दुसऱ्यांच्या पुस्तकातला सूर्यास्त उसना घेतो, आणि उसने तपशील लगेच ओळखू येतात. अशा वेळी प्रॉम्प्टचा सांगाडा ठेवावा आणि बाकीचे सोडून द्यावे. बाटलीच्या गोष्टीचा सांगाडा एवढाच आहे की कुणाचा तरी निरोप भलत्याच माणसाच्या हाती पडला. तो निरोप मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आणा. आडत दुकानासमोर सौद्यासाठी तुरीचे कट्टे ओतले जात आहेत आणि एका कट्ट्यातून घडी घातलेली चिठ्ठी खाली पडते. ती हमालाने उचलली, की आडत्याच्या मुनिमाने, की रोज सांडलेले धान्य झाडून नेणाऱ्या म्हातारीने? चिठ्ठी उचलणारा बदलला की कथा बदलते, आणि या तिघांनाही तुम्ही कधी ना कधी जवळून पाहिलेले असणार.

आता तुमच्या प्रश्नांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग : दोन वह्या भरल्या आणि एकही कथा पूर्ण झाली नाही. रोज नवा विषय येत असेल तर दुसरे काय होणार? सोमवारी तुम्ही एका माणसाला दारात उभे करता, आतले लोक त्याला काय म्हणतात हे कळायच्या आधीच मंगळवारी दुसरे दार उघडते. पहिल्या दिवशी सुचते ते बहुतेक कुणालाही सुचेल असे असते. दुसऱ्या दिवशी तेही संपते आणि लिहिणारा अडतो. या अडण्याच्या पलीकडे जे सापडते ते मात्र तुमचे स्वतःचे असते. रोजचा नवा प्रॉम्प्ट तुम्हाला नेमक्या त्या वळणावरून परत फिरवतो आणि पुन्हा पहिल्या दिवसाचा सोपा उत्साह देतो, म्हणून तो इतका हवाहवासा वाटतो. लिहायला रोज बसावे, विषय मात्र रोज बदलू नये, हा माझा या पत्रातला मुख्य सल्ला आहे. बाकी सारे त्याच्या अवतीभोवतीचे समजा.

तुमच्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पंचीकरणावर, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडली या विचारावर, त्यांनी लिहिले ते लांबलचक पासोडीवर, म्हणजे कापडावर, आणि त्यांच्या रोजच्या लेखनाला ढब्बू पैशाची (ढब्बू हे जुने तांब्याचे नाणे) शाई लागत असे अशी आख्यायिका आहे. शाईची गोष्ट सांगणारे लोक त्यांच्या झपाट्याचे कौतुक करतात. मला त्याहून वेगळी गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. त्यांच्या गीतेवरील टीकेचा, म्हणजे ‘गीतार्णवा’चा, विस्तार सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो. गीतेचे श्लोक सातशे. हिशेब केला तर एका श्लोकामागे सरासरी पावणेदोनशेच्या वर ओव्या येतात. टीकाग्रंथ हे दिलेल्या ओळीवरून केलेलेच लेखन आहे, आणि आपल्या परंपरेने दिलेल्या ओळीपाशी किती काळ थांबता येते हे त्यावरून कळते. तुम्ही एका श्लोकापाशी दासोपंतांइतके थांबावे असे कुणी म्हणणार नाही, पण आठवडाभर थांबायला काय हरकत आहे?

आठवडाभर म्हणजे नेमके काय करायचे, ते तुमच्या शाळेतल्याच एका प्रसंगावरून दाखवतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते, हजेरीपटावर नाव असते आणि बाकावर मूल नसते, हे बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना नवीन नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, कारखान्यावर जातो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाही. त्यातून प्रॉम्प्ट असा करू : आईवडील कर्नाटकातल्या कारखान्यावर ऊस तोडायला गेले आहेत, शिक्षिका घरी चौकशीला गेली आहे आणि दारात बसलेली आजी सांगते की पोरगा इथेच आहे, आत्ताच खेळायला गेला. शिक्षिकेला माहीत आहे की तो इथे नाही. आजीलाही माहीत आहे की शिक्षिकेला ते माहीत आहे.

पहिल्या दिवशी फक्त ते दार लिहा : ओट्यावर काय पडले आहे, आजीच्या हाताशी कोणते काम आहे, कोपऱ्यात शाळेचे दप्तर आहे की नाही. कुणालाही एक शब्द बोलू देऊ नका. दुसऱ्या दिवशी फक्त संवाद लिहा आणि त्यात कुणी खरे बोलायचे नाही, एवढे बंधन पाळा. तिसऱ्या दिवशी तुम्हाला कंटाळा येईल आणि हा विषयच फालतू होता असे वाटेल. त्या दिवशी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आजी खोटे का बोलते याची जमतील तितकी कारणे वहीत मांडा. पहिली दोन-तीन कारणे वर्तमानपत्रातली असतील. हंगामी वसतिगृहातले नाव कटेल, पोषण आहाराचे तांदूळ बंद होतील, मुलाचे वर्ष वाया जाईल. सहावे-सातवे कारण कदाचित असे निघेल की पोराला नेऊ नका म्हणून आजीने मुलाशी भांडण केले होते, त्यात ती हरली, आणि ते हरणे तिला बाईंसमोर कबूल करायचे नाही. कथा या कारणात आहे, आणि ती तिसऱ्या दिवशीच्या कंटाळ्यातून गेल्याशिवाय हाती लागत नाही. पुढचे दोन दिवस त्या भांडणासाठी ठेवा. एकदा मुलाच्या बाजूने आणि एकदा सुनेच्या बाजूने, कारण सुनेला पोरगा जवळ हवा आहे आणि तिचेही काही चूक नाही. सहाव्या दिवशी नवीन काहीही लिहू नका, केवळ खोडा. सातव्या दिवशी उरलेले तुकडे एकापुढे एक लावून शिक्षिकेला तिथून कधी उठवायचे ते ठरवा. ती उठली की कथा थांबवायची, आजीच्या डोळ्यांत पाणी आणण्याची गरज नाही.

असे महिन्यात चारच विषय होतील. चारांपैकी दोन वाया गेले तरी उरलेल्या दोन कथा पूर्ण असतील.

ज्या आठवड्यात काहीच सुचत नाही, त्या आठवड्यासाठी आपल्या भागातल्या बायकांनी जात्यावर वापरलेली युक्ती घ्या. गंगाखेडच्या जनाबाईंपासून आपल्या पणज्यांपर्यंत दळणाबरोबर ओवी चालत आली. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात कुणा एकीची नव्हती. ती सगळ्यांना ठाऊक असलेली, विचार न करता उच्चारता येणारी ओळ होती आणि तिच्या आधाराने जाते फिरू लागल्यावर पुढची ओळ, भावाची, सासरची, विठ्ठलाची, ज्या त्या बाईची स्वतःची येई. तुम्हीही एक साधे पहिले वाक्य ठरवा, उदाहरणार्थ ‘आज टँकर आला नाही.’ सात दिवस प्रत्येक पान याच वाक्याने सुरू करा, पण पुढचे वाक्य दर वेळी निराळ्या माणसाच्या तोंडचे असू द्या : सरपंचाचे, टँकरच्या ड्रायव्हरचे, बाळंतिणीच्या आईचे, आठवीतल्या मुलीचे. सुरुवात कशी करावी या चिंतेत जाणारी वीस मिनिटे त्यामुळे वाचतात.

रोजनिशीची गोष्ट वेगळी आहे आणि म्हणून तिची वहीही वेगळी असावी. कथेचा प्रॉम्प्ट अडचण उभी करतो. रोजनिशीच्या प्रॉम्प्टने साधा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर त्याच दिवसातून देता येईल. ‘आयुष्याने मला काय शिकवले?’ हा प्रश्न रात्री साडेनऊ वाजता दमलेल्या बाईला विचारणे हा शुद्ध अन्याय आहे. ‘आज मी कुणासमोर गप्प बसले?’, ‘आज पाणी भरण्यात किती वेळ गेला?’, ‘आज हजेरीत कोण नव्हते आणि का?’, ‘आज कोणती वस्तू उसनी दिली?’ असे प्रश्न विचारा. यांची उत्तरे चार ओळींत होतात आणि त्या चार ओळी दहा वर्षांनी सोन्याच्या भावाच्या ठरतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आले, ही माहिती आज कुठेही सापडेल. परंतु त्या दिवसांत एखाद्या घरी पाहुणा आल्यावर तांब्या भरून द्यायचा की अर्धा, धुण्याचे पाणी पुढे कशाला वापरले जाई, कुणाच्या लग्नाची तारीख पाण्यापायी पुढे ढकलली गेली, हे ज्यांनी त्या वेळी टिपून ठेवले त्यांच्यापाशीच ते आहे. कथाकाराला रेल्वेपेक्षा तो अर्धा तांब्या जास्त कामाला येतो. रोजनिशीतून कथेच्या वहीत आणायचे ते अशा नोंदी. मनातली खदखद जशीच्या तशी तिकडे नेऊ नका.

घरातले कुणी वाचेल या भीतीवर मला उपदेश करायचा नाही, कारण ती भीती खरी असते. वही शाळेच्या कपाटात ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. केंद्रप्रमुख नेमके तेच कपाट उघडतात. जे फार खाजगी आहे ते सुट्या कागदावर लिहून फाडून टाकले तरी लिहिण्याचा उपयोग झालेला असतो. तुमच्यासारख्या शिक्षिकेला आणखी एक मार्ग सुचवतो, थोडा गमतीचा वाटला तरी मी तो गांभीर्याने सुचवत आहे : मोडी लिपी शिकून घ्या. सराव ठेवला तर काही आठवड्यांत ती हाताला येते, आणि आज घरोघरी मोडी वाचू शकणारे माणूस जवळपास उरलेले नाही.

वडिलांना लिहिलेल्या पत्राविषयी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या विद्यार्थिनी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या एखाद्या खोल धक्क्याविषयी लिहिले. घटना आणि त्या वेळच्या भावना ही दोन्ही ज्यांनी लिहिली, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यातल्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. या विषयावर नंतर पुष्कळ अभ्यास झाले आणि परिणाम सर्वांवर सारखा होत नाही असेही दिसले, म्हणून हे औषध समजू नये. तुमच्या दृष्टीने त्या प्रयोगाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात घड्याळाची मर्यादा होती, दिवसांची मर्यादा होती आणि लिहिलेले गुप्त राहील याची खात्री होती. तुमच्याकडे यांपैकी एकही गोष्ट नव्हती. एका परक्या यंत्रणेने सकाळी एक ओळ पाठवली आणि तुम्ही दिवसभराचे काम उरकून रात्री, झोपेच्या तोंडावर, थेट वडिलांच्या मृत्यूपुढे जाऊन बसलात. तीन आठवडे पेन धरवले नाही यात नवल नाही.

पुन्हा कधी ते पत्र लिहावेसे वाटले तर सुट्टीच्या दिवशी उजेडात बसा, पंधरा मिनिटांचा गजर लावा, वाक्य अर्धे असले तरी गजर झाल्यावर उठा आणि चार दिवसांनंतर तो विषय काही काळ बंद ठेवा. लिहिता लिहिता हे आपल्याला झेपत नाही असे वाटले तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या कशावर लिहा. नको असलेला विषय सोडून देण्याचा पूर्ण अधिकार तुमचा आहे, त्यासाठी कुणाला कारण द्यायचे नाही. झोप, जेवण किंवा रोजचे काम यांवर परिणाम होऊ लागला तर मात्र वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

दिवस चुकण्याच्या अपराधाविषयी फार बोलावे असे नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी बारा आठवडे एकेक छोटी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. त्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत वेगवेगळा निघाला आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्या सवयी पाणी पिणे, फळ खाणे, थोडा व्यायाम अशा साध्या होत्या, लेखन त्याहून अवघड आहे हे खरे. परंतु त्यातली एक अट आपल्यालाही लागू पडते : सवय दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडलेली हवी. रात्रीची वेळ तुमच्या हातातली नाही, ती स्वयंपाकाची, मुलांची आणि थकव्याची आहे. शाळा सुटल्यावर मुले गेली, हजेरी बंद केली आणि काळीपिवळी जीप यायला अजून वेळ आहे, अशी पंधरा-वीस मिनिटे तुमच्या दिवसात बहुधा असतील. ती घ्या. शनिवारी सकाळची शाळा असते त्या दिवशी लिहू नका असे मी म्हणेन, वरच्या सात दिवसांत तो धरू नका. आधीच ठरवून दिलेली सुट्टी चुकल्यासारखी वाटत नाही.

आता खऱ्या माणसांचा प्रश्न. वर मी तुम्हाला आजीचे उदाहरण दिले, आणि ते वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर एखादी खरी आजी आली असेल. नुसते नाव बदलून गावात कुणी लपत नाही. दारात दोन म्हशी आणि एक बुलेट आहे एवढे लिहिले तरी अख्ख्या तालुक्याला घर कळते. शिक्षिका म्हणून जे तुमच्या कानावर आले, विश्वासाने आले किंवा कागदपत्रांतून आले, ते जसेच्या तसे कथेत घालू नये, याबाबत माझे मत पक्के आहे. आजीचा आजोबा करा, तो पूर्वी गावाचा कोतवाल होता असे करा, ऊसतोडीऐवजी वीटभट्टी घ्या. असे बदल केले की कथा नवे प्रश्न विचारू लागते : आयुष्यभर गावाला दवंडी देऊन बातम्या सांगणारा माणूस स्वतःच्या घरची बातमी का लपवतो? हा प्रश्न मूळच्या प्रसंगात नव्हता. माणसे झाकायला केलेला बदल बहुतेक वेळा कथेच्याच फायद्याचा ठरतो, हे तुम्ही दोन-तीनदा करून पाहिले की पटेल.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी जाता जाता सांगतो. संवादात ‘कामून’, ‘मपलं’, ‘काय करायलाव’ येत असेल तर येऊ द्या आणि त्याभोवती अवतरणचिन्हांचे कुंपण घालू नका. मात्र प्रत्येक वाक्यात बोली पेरण्याचा अट्टहासही नको. जालन्याकडचा माणूस आणि उदगीरकडचा माणूस एकसारखा बोलत नाही, तेव्हा पात्र कुठले आहे ते आधी ठरवा आणि तिथली एखादी ओळखीची बाई कशी बोलते ते आठवा.

कथा पूर्ण झाली की आणखी एक काम राहते. ज्या ओळीवरून ती सुरू झाली, ती ओळ कथेतून काढून टाका आणि तिच्याशिवाय कथा उभी राहते का ते पाहा. बहुधा पहिला परिच्छेद संपूर्ण जातो, कारण तो तुम्ही स्वतःला विषयात शिरता यावे म्हणून लिहिलेला असतो आणि वाचणाऱ्याला त्याची गरज नसते. दिवाळी अंकाकडे कथा पाठवणार असाल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीपासून संपादकांचे कथा मागवणे सुरू होते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन कथा हातावेगळ्या करणे तुम्हाला सोयीचे पडेल. सोबतच्या पत्रात कथा कोणत्या प्रॉम्प्टवरून सुचली ते लिहिण्याचे कारण नाही. मोबाइलवर आलेली तीच ओळ त्याच सकाळी हजारो लोकांकडे गेलेली असते, आणि तुमच्या कथेत ती शिल्लक राहिली असेल तर संपादकाच्या टेबलावर तशा आणखी दोन-चार कथा आधीच येऊन पडलेल्या असू शकतात.